कलमाची माणसं



आंब्याचं कलम आपल्याला ठाऊकच आहे. ज्या झाडाची काडी, त्याचीच फळं. जनावरांतही हे साधलं आहे. 1996 साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली, 2009 साली हरियाणात कर्नालला वगार. कलमाची माणसं मात्र अजून कादंबरीतच आहेत. काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' ही ती इंग्रजी कादंबरी, 2005 सालची.

त्यातली मुलं एका छानशा निवासी शाळेत वाढतात. चित्रं काढतात, खेळतात, रुसतात. मोठी झाली की त्यांचे अवयव एकेक करून काढून घ्यायचे, त्यासाठीच त्यांना जन्माला घातलेलं. हे त्यांच्यापासून पुरतं लपवलेलंही नसतं. नीट समजायच्या आधीच थोडं थोडं कानावर पडत जातं. पुढे ती मोटार घेऊन मोकळी हिंडतात, पण पळून कुणी जात नाही.

मला भय वाटलं ते याचं. तुमसरच्या बाजारात धानाच्या पोत्यांवर बसून 'नशिबातच नव्हतं' हे मी कितीदा ऐकलं, स्वतःही म्हटलं. शेजारी पोर बसलेलं असायचं. (आपल्याकडे 1994 च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे बरं का; सावकार कर्जापायी काहीही सुचवो.)

कॅथी आणि टॉमीचा एकमेकांवर जीव. प्रेम खरं असेल तर काही वर्षांची मुदत मिळते, अशी वदंता असते. दोघं विचारायला जातात. तसली मुदत कधी नव्हतीच, असं कळतं. परतताना टॉमी गाडी थांबवायला लावतो, अंधारात एका शेतात शिरतो आणि चिखलात उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडतो. कॅथी त्याला घट्ट धरते. मग दोघं पुन्हा गाडीत येऊन बसतात.