प्लेट वाचायला शिकवा : पशुवैद्यकीय क्ष-किरण व सोनोग्राफी प्रशिक्षणाबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय पशुचिकित्सा परिषद, नवी दिल्ली
प्रत माहितीसाठी : सचिव, केंद्रीय पशुपालन व दुग्धव्यवसाय विभाग, कुलगुरू, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर, महाराष्ट्रातील सर्व खासदार

महोदय,

दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद आणि मेरठ या पट्ट्यात प्रॅक्टिस करणारे आम्ही मराठी पशुवैद्यक आहोत. कोणी परळला शिकले, कोणी नागपूरला, कोणी परभणी, शिरवळ वा उदगीरला. हे पत्र आधी आमच्या सभासदांपुढे आणि महाराष्ट्राच्या खासदारांपुढे जायचे असल्याने मराठीत आहे; परिषदेसाठी हिंदी व इंग्रजी प्रती सोबत जोडल्या आहेत.

गेल्या काही वर्षांत या भागातल्या दवाखान्यांत यंत्रे भराभर आली. डिजिटल एक्स-रे तर गल्लीतल्या दवाखान्यातही दिसतो, सोनोग्राफी सर्रास होते, सीटीची सोयही मोठ्या खाजगी रुग्णालयांतून होऊ लागली आहे. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे प्राणी रुग्णालय 2024 मध्ये सुरू झाले, तेव्हापासून एमआरआयची चौकशी पशुपालक आपणहून करतात. यंत्राला कर्ज मिळते, यंत्र विकणारा घरपोच येऊन बटणे समजावतो. प्रतिमा वाचायला मात्र कोणी शिकवत नाही.

म्हणजे नेमके काय होते, ते एका नेहमीच्या केसवरून सांगतो. दहा-अकरा वर्षांचा लॅब्रॅडोर खोकतो म्हणून येतो. छातीची एकच बाजूची प्लेट काढली जाते, तीही श्वास सोडताना, कारण कुत्रा धडपडत असतो आणि मदतनीसाला घाई असते. श्वास सोडलेल्या छातीत फुप्फुसे पांढुरकी दिसतात आणि हृदय मोठे वाटते. पाहणाऱ्याला वाटते पाणी भरले आहे; लघवी वाढवणारे औषध सुरू होते. कुत्र्याला हृदयरोग नसतोच. उलट, ज्या कुत्रीच्या स्तनातली गाठ काढायची आहे तिच्या फुप्फुसात कर्करोग पसरला आहे का, हे पाहायला तीन प्लेट्स लागतात : उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणे किंवा पालथे. खालच्या बाजूचे फुप्फुस दबते आणि त्यातली लहान गाठ दिसेनाशी होते, म्हणून दोन्ही कुशी लागतात. हे पुस्तकात लिहिलेले आहे. पण शंभर छात्या कोणाच्या तरी शेजारी बसून पाहिल्याशिवाय ते डोळ्यांत उतरत नाही.

याचे मूळ शिक्षणाच्या रचनेत आहे. आपल्या महाविद्यालयांत क्ष-किरणशास्त्र हे शल्यचिकित्सेच्या विभागात असते. विभागाच्या नावात त्याला जागा आहे, पण वेळापत्रकात शस्त्रक्रियेने उरवलेला वेळ त्याच्या वाट्याला येतो. पदव्युत्तर पदवीही दोन्ही विषयांची एकत्र. शल्यचिकित्सक शिक्षकांबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनीच आम्हाला पहिली प्लेट दाखवली. तरी प्रतिमा वाचणे हे पूर्ण वेळेचे काम आहे हे जगाने कधीच मान्य केले आहे. अमेरिकेत आणि युरोपात पशुवैद्यकीय क्ष-किरणतज्ज्ञांच्या स्वतंत्र संस्था आहेत आणि तिथे पदवीनंतर किमान तीन वर्षे देखरेखीखाली निवासी प्रशिक्षण घेतल्यावरच अंतिम परीक्षेला बसता येते.

म्हणून आमची मुख्य मागणी : प्रतिमानिदान ही शल्यचिकित्सेपासून वेगळी पदव्युत्तर शाखा करावी आणि तिचे तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण देणारे केंद्र राजधानी क्षेत्रात उभारावे. नवी इमारत मागत नाही. दिल्लीच्या हद्दीत पशुवैद्यक पदवीचे महाविद्यालय नाही, पण मेरठजवळ मोदीपुरमला आहे. मेरठ छावणीत लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरचे केंद्र आहे, तिथे घोडे आणि कुत्रे यांचा अनुभव अन्यत्र दुर्मीळ असा आहे. दिल्लीतल्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत रस्त्यावर जखमी झालेल्या कुत्र्यांची रीघ असते; हाडांच्या प्लेट्स शिकायला याहून मोठी शाळा नाही. या सगळ्यांना एका प्रशिक्षणात गुंफावे. शिक्षक कुठून आणणार, असे विचारले जाईल. 1889 मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था, हिसारचे आणि लुधियानाचे विद्यापीठ इथली जाणकार मंडळी आळीपाळीने येऊ शकतात.

इंटर्नशिपबद्दलची मागणी याच्याइतकीच निकडीची आहे, आणि तिला पैसा लागत नाही. 2016 च्या नियमांनी इंटर्नशिप एक वर्षाची केली. त्या वर्षात प्रत्येक इंटर्नने किमान शंभर एक्स-रे आणि पन्नास सोनोग्राफी केसेसचे वाचन स्वतःच्या हाताने लिहावे. अट एकच : शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात काय निघाले हे कळण्याआधी लिहावे, मग निकाल शेजारी नोंदवून शिक्षकाची सही घ्यावी. चूक कुठे झाली हे त्या वहीत दिसेल, आणि शिकणे तिथेच घडते.

सुरक्षिततेविषयी आम्ही हट्टी आहोत. आजही प्लेटच्या कडेला माणसाची बोटे दिसतात. कुत्र्याचा पाय धरणारा तो हात बहुधा सर्वांत कमी पगाराच्या मदतनीसाचा किंवा इंटर्नचा असतो. शिशाचे हातमोजे विखुरलेल्या किरणांपासून वाचवतात, थेट झोतापासून पुरेसे वाचवत नाहीत. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा स्पष्ट आहे : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30 हून अधिक नाही. पण छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्लाच नसेल तर मर्यादा ओलांडली की नाही हे कळणार कसे? प्रत्येक इंटर्न आणि मदतनीसाला बिल्ला द्यावा. गुंगी देऊन, वाळूच्या पिशव्या आणि पट्ट्यांच्या आधाराने जनावर स्थिर करण्याचे प्रात्यक्षिक परीक्षेत सक्तीचे करावे. गर्भवती महिला सहकाऱ्यांना त्या खोलीच्या कामातून पगार न कापता वगळावे.

सोनोग्राफीचा प्रश्न वेगळा आहे. 1994 च्या प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्याला आमचा मनापासून पाठिंबा आहे. मुलींच्या जन्माचे प्रमाण घसरल्याची किंमत हरियाणाने मोजली आहे. त्या कायद्याच्या कलम 3-ब नुसार नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही. पशुवैद्यकाने कोणती नोंदणी करावी, कोणत्या नोंदी ठेवाव्यात, फिरते यंत्र गोठ्यावर नेताना कोणाला कळवावे, याबद्दल दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या चारही राज्यांतल्या जिल्ह्यांना लागू होईल असे एकच लेखी मार्गदर्शन आरोग्य मंत्रालयाबरोबर बसून परिषदेने काढावे.

हे मार्गदर्शन श्वानपालकांहून अधिक मुऱ्हा म्हशीच्या मालकाला हवे आहे. हात घालून गाभण तपासायला साधारण दोन महिने थांबावे लागते. सोनोग्राफीत महिन्याभरात कळते. म्हैस रिकामी निघाली तर मधला एक माज तरी हातचा जात नाही. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ गाय, म्हैस आणि घोड्यासाठी राखून ठेवावा, असा आमचा आग्रह त्यामुळेच आहे. तार गिळलेल्या गाईचे जाळीपोट आणि हृदयाभोवतीचे पाणी पाहायला शिकलेला डॉक्टर गावाला हवा आहे.

सरकारी खरेदीतही बदल हवा. वाचणाऱ्याच्या प्रशिक्षणाची तरतूद निविदेत नसेल तर यंत्र घेऊ नये. आणि निकाल माहीत असलेल्या प्रतिमांचा, देशी जातींच्या जनावरांसह, एक खुला संग्रह नागपूरच्या विद्यापीठाने सुरू करावा. मालकाचे नाव काढून आमच्या दवाखान्यांतल्या प्रतिमा आम्ही विनामूल्य देऊ.

आमच्या सभासदांपैकी जे सोनोग्राफी नियमित करतात ते महिन्यातला एक शनिवार शिकवण्यासाठी द्यायला तयार आहेत. त्यांची यादी सोबत आहे. पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्याआधी परिषदेने आम्हाला बैठकीची वेळ द्यावी आणि इंटर्नच्या वहीचा नमुना त्या बैठकीतच मंजूर करावा. मसुदा आम्ही घेऊन येऊ.

आपले,
पदाधिकारी व सभासद,
राजधानी क्षेत्रातील मराठी पशुवैद्यकांची संघटना