ओसरीवरची होडी

मांडवी-जुवारीच्या काठी राहूनही आपल्या मध्यमवर्गाला होडी ही दुसऱ्याने वल्हवायची वस्तू वाटते. ती स्वतः घडवावी, हा विचार मनाला शिवतच नाही. वास्तविक पट्ट्यांची छोटी होडी बांधण्यास कारखाना लागत नाही. लांब ओसरी पुरते. फूट-फूट अंतरावर आडवे साचे उभे करावेत, त्यांवर पाव इंच जाडीच्या हलक्या लाकडी पट्ट्या एकमेकींस चिकटवीत जावे, मग रंधा मारून आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड इपॉक्सी राळेने बसवावे. झालेली होडी दोघे जण सहज उचलतात.

ही परदेशी चैन नव्हे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘म्हादेई’ आपल्या दिवाडी बेटावरच बांधली गेली, आणि तिचे अंगही लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे आवरण चढवूनच घडले. मग आमच्या विद्यार्थ्यांनी कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचीच घरे का करावीत? एखाद्या मेस्ताच्या हाताखाली त्यांनी एक होडी बांधावी. रंध्याला हात लावणे कमीपणाचे मानणाऱ्या पालकांची समजूत मात्र आधी घालावी लागेल. ते काम होडीहून अवघड! पावसाळी दमट हवेत राळ नीट बसत नाही. दिवाळीनंतर आरंभ केल्यास शिमग्यापर्यंत होडी पाण्यात उतरू शकेल.