दहा टक्के फळ आणि नव्वद टक्के नाव

मंडळी, आजचा विषय खोक्यातल्या फळांच्या रसाचा. खरं सांगायचं तर त्या खोक्यात जो नसतो, त्या रसाचा.

दुकानातल्या एकाच फळीवर तीन प्रकारची खोकी शेजारी शेजारी उभी असतात. एकात रस, दुसऱ्यात आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेला रस, आणि तिसऱ्यात 'फळाचं पेय'. चित्र मात्र तिन्हींवर तेच, पिवळाधमक आंबा नाहीतर कापलेलं संत्रं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे तिसऱ्या प्रकारात फळाचा अंश किमान 10% असला की झालं. लिंबाच्या पेयाला तर 5% पुरतो. शाळेत मराठीबरोबर खालच्या वर्गांना गणितही शिकवलं, त्यामुळे शतमान दिसलं की हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. 200 मिलीच्या खोक्यात 20 मिली फळ, म्हणजे चहाचे चार चमचे. बाकी मुख्यतः पाणी आणि साखर.

आता कुणी म्हणेल, टक्केवारी छापलेली असते की! असते. तशी सक्तीच आहे. पण ती मागच्या बाजूला, घटकांच्या यादीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. शिवाय वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचं समाधान होतं, मराठीची सक्ती नाही. फळ पिकवणाऱ्या वरुड-मोर्शीच्या माणसाला त्याच्याच भाषेत ते वाचता यायला नको?

दुसऱ्या प्रकाराची गंमत वेगळीच. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या रसावर वर्षानुवर्षं '100% रस' असं छापलं जात होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून 2024 मध्ये सांगितलं की हा दावा काढून टाका, 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत त्याला जागाच नाही. म्हणजे नियम झाल्यावर सहा वर्षांनी आठवण झाली. छापून ठेवलेली वेष्टनं संपवायला आधी 1 सप्टेंबरपर्यंत मुदत दिली, मग ती 31 डिसेंबर 2024 पर्यंत वाढवली. त्यावरही एक मोठी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

आता आयातीकडे वळू. 2018 च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या संत्र्याच्या रसावरचं सीमाशुल्क 30 वरून 35% केलं आणि इतर फळांच्या रसांवरचं 50% केलं. देशातच माल तयार व्हावा हा हेतू. हेतू चांगलाच. पण बंदरावर भिंत उंच केली आणि घरातलं माप ढिलंच ठेवलं, तर उपयोग काय? पेयात एक दशांश फळ चालणार असेल, तर कारखान्याला फळ लागणार तरी किती?

आंब्याचाच हिशेब करू. अशा पेयांत मुख्यतः तोतापुरी वापरतात. 2025 च्या हंगामात चित्तूर भागात तोतापुरीचे भाव असे कोसळले की आंध्र सरकारला मध्ये पडावं लागलं. किलोला 8 रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि 4 रुपये सरकारने, असे 12 रुपये ठरले. 20 मिली गरासाठी साल-कोय धरून सढळ हाताने 50 ग्रॅम आंबा धरा. कारखान्याला एका खोक्यातलं फळ 40 पैशांना पडलं! आंब्याच्या चित्राच्या छपाईला किती येतात कोण जाणे.

विदर्भातल्या संत्र्याचंही तेच रडगाणं. बांगलादेशने 2019 पासून आयातशुल्क वाढवत नेलं आणि आपल्या बागायतदाराचं हक्काचं गिऱ्हाईक हातचं गेलं. तेव्हा देशात रसाला खरी मागणी असती तर त्याला दुसरा दरवाजा होता. कारखानदार म्हणतात, नागपुरी संत्र्याचा रस साठवला की कडवट होतो. खरं आहे ते. पण त्या कडवटपणावर खर्च करण्याची गरज कुणाला वाटेल, चार चमच्यांत काम भागत असताना?

आणि करांची तऱ्हा पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून फळांच्या रसावरचा जीएसटी 12 वरून 5% झाला. छान झालं. पण फळाच्या पेयावरचाही 5% च झाला. दहा टक्के फळ घालणारा आणि सगळंच फळ घालणारा, दोघांना एकच पट्टी. त्याच पेयात बुडबुडे सोडले की मात्र 40%. 2014 मध्ये तुमकूरला पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना थोडा फळांचा रस घाला असं आवाहन केलं होतं. पण आपल्या करव्यवस्थेला बुडबुडे मोजता येतात, फळ मोजता येत नाही.

मुलगा म्हणतो, "आई, लोक परवडतं ते घेतात, तू कशाला चिडतेस?" अरे, विकू नका असं मी म्हणतच नाहीये. दहा रुपयांचं गोड पाणी ज्याला प्यायचं त्याने खुशाल प्यावं. फक्त ते काय आहे हे त्याला कळू द्या. माझ्या मागण्या तीनच. फळाचा टक्का खोक्याच्या पुढच्या बाजूला, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत छापा. कर फळाच्या प्रमाणात लावा, जास्त फळ त्याला कमी कर. आणि आटवलेला रस परदेशातून आणला असेल तर देशाचं नाव लिहा.

असो. नातवंडांना रस द्यायचा तर सरळ संत्रं सोलून द्या, हे काही मी सांगायला नको. आयसीएमआरच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शनातही रसापेक्षा अख्खं फळ बरं असंच सांगितलं आहे. आणि खोकंच घ्यायचं असेल तर ते आधी उलटं करून मागचा आकडा वाचा. चष्मा लावून. तुमच्याकडच्या खोक्यावर काय निघालं ते मला जरूर कळवा.