कृष्णाकांठची पंगत

वाईस सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी हीं त्यांचीं नांवें. थंडी ओसरूं लागली कीं या घाटांवर एकामागून एक कृष्णाबाईचे उत्सव होतात. मांडव उभे राहतात, कीर्तनें-प्रवचनें होतात आणि प्रसादाच्या पंगती बसतात. १६५९ सालीं अफझलखानाचा तळ वाईस पडला, तेव्हां तें संकट टळावें म्हणून कृष्णामाईस नवस बोलला गेला व त्यांतून हा उत्सव निघाला, अशी परंपरा सांगतात.

नदीकांठीं चार माणसांनीं एकत्र बसावें, जेवावें, यासाठीं जागा कशी असावी, हा प्रश्न आज गांवोगांव निघतो. कोणी म्हणतो कायमचें छप्पर घाला. कोणी म्हणतो सिमेंटचे ओटे आणि बाकें बसवा. आमच्या मतें असा बेत करणाऱ्यांनीं आधीं आपले जुने घाट नीट पाहावे.

पहिली गोष्ट पाण्याची. महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावलेली कृष्णा वाईस येते तेव्हां तिचें पात्र फार मोठें नसतें. परंतु पावसाळ्यांत पाणी पायऱ्या चढून वर येतें. धोमचें धरण झाल्यानंतरही, त्यांतून पाणी सोडावें लागलें म्हणजे हाच अनुभव येतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं ढोल्या गणपतीचें देऊळ बांधविलें, त्याची मागील भिंत मत्स्याकार, निमुळती आहे. पुराचा लोंढा तीवर दुभंगून दोहों अंगांनीं निघून जातो. एवढी युक्ति आणि एवढें दगडी काम जेथें करणें शक्य नाहीं, तेथें पुराचें पाणी पोहोंचतें त्या रेषेखालीं कायमचें कांहींच उभारूं नये. लोखंडी खांबांत वाहून आलेलीं झाडेंझुडपें अडकतात आणि पाणी तुंबतें. उत्सवाचा मांडव उन्हाळ्याच्या तोंडावर उभा राहतो आणि पावसाळ्यापूर्वीं निघतो. ही केवळ काटकसर नव्हे. तो ऋतु ओळखून केलेला विचार आहे.

दुसरी गोष्ट मापाची. मांडी घालून बसणाऱ्या माणसास दोन फूट रुंदी लागते. बैठक आणि पान मिळून साडेतीन फूट धरावे. समोरासमोर पन्नास-पन्नासांच्या दोन ओळी व मध्यें वाढणारांसाठीं चार फुटांची वाट ठेविली, तर शंभर पानांस शंभर फूट लांब व अकरा फूट रुंद जागा पुरते. पायऱ्या नदींत उतरावयासाठीं असतात. पंगत वरच्या सपाट फरशीवरच बसावी. तेथें पाणी निघून जाईल इतका किंचित उतार असावा. सावलीस झाडें असावींत. नसल्यास कापडी छत पुरतें. ज्या आजीबाईंचे गुडघे वांकत नाहींत त्यांच्यासाठीं एका कडेस बाकें आणि उतरतांना हातीं धरावयास कठडा, एवढी सोय अवश्य पाहिजे. म्हातारीं माणसें घरीं राहिलीं तर ती पंगत अपुरीच म्हणावी.

तिसरी गोष्ट उष्ट्या-खरकट्याची. चूल अशा बाजूस असावी कीं धूर पंगतीवर येणार नाहीं. हात धुण्याचें पाणी नदींत न सोडतां झाडांच्या आळ्यांत सोडावें. पळसाच्या पानांची पत्रावळ खतांत मिसळून जाते. प्लॅस्टिकचें ताट मात्र कुजत नाहीं. महाराष्ट्रांत प्लॅस्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर २०१८ सालीं बंदी आली. परंतु जिला आपण आई म्हणतों तिच्या कांठीं हें करावयास कायद्याची वाट पाहावी लागूं नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पंगतींत कोण बसणार? आपल्या समाजांत पंक्तिभेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं केला. तरी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजीं सत्याग्रह करावा लागला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत सार्वजनिक उपाहारगृहें आणि स्नानाचे घाट या दोहोंचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, जाति इत्यादि कारणांवरून तेथें कोणास मज्जाव करतां येत नाहीं. जेवणाची जागा आणि नदीचा घाट हीं दोन्हीं एकाच कलमांत यावींत, यांतच आपल्या इतिहासाचें मर्म आहे. फरशी कितीही गुळगुळीत केली, झाडें कितीही लाविलीं, पण मोलकरणीचें किंवा मांडव घालणाऱ्या मजुराचें पान वेगळें मांडलें, तर ती जागा सार्वजनिक झाली असें म्हणतां येणार नाहीं.

म्हणून आळीच्या बैठकींत अशा जागेचा विषय निघेल तेव्हां घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं चार प्रश्न अवश्य विचारावे. पाणी कोठवर येतें? म्हातारें माणूस तेथवर पोहोंचेल काय? खरकटें कोठें जाईल? आणि पानें एकाच ओळींत मांडलीं जातील ना? या चारांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर पैसा थोडा असला तरी काम अडत नाहीं. नदीनें आणि झाडांनीं निम्मी तयारी आधींच करून ठेविलेली असते.