मैनेला फ्लॅट मिळेल का?

शनिवारी रात्री बदलापूरला माझ्या घरी मित्रमंडळी जमली होती. लॅपटॉपवर मार्सेल कार्नेचा 'ल के दे ब्रूम' (१९३८) लावला. ल हाव्र बंदर, धुकं, सैन्यातून पळालेला ज्याँ गाबँ. नेलीसाठी तो तिच्या नालायक पालकाचा जीव घेतो आणि शेवटी स्वतःही गोळी खाऊन मरतो. सगळे गप्प. मग अंबरनाथचा एक मित्र म्हणाला, "आपल्याकडे असलं कुणी केलंच नाही यार!"

माझं डोकंच सटकलं. अरे बाबांनो, त्यानंतर एकाच वर्षाने, १९३९ साली, पुण्यात प्रभातने 'माणूस' काढला होता! दिग्दर्शक व्ही. शांताराम. पोलीस शिपाई गणपत (शाहू मोडक) छाप्यात सापडलेल्या मैनेला (शांता हुबळीकर) वाचवतो, तिच्या प्रेमात पडतो आणि तिला आईकडे घेऊन जातो. मैना मात्र तिथून पळते. पुढे मामाचा खून करून तुरुंगात जाते आणि गणपत सोडवायला आला तरी नाही म्हणते. गणपत 'देवदास'सारखा दारूत बुडून मरत नाही, पुन्हा कामावर जातो.

गाबँचं मरण सोपं आहे हो. मेला की प्रेक्षक डोळे पुसून मोकळा. गणपतचं जगणं आपल्या अंगावर येतं.

काही जण म्हणतात, शांतारामांनी मैनेला घर नाकारलं, म्हणजे सिनेमा सनातनीच. मला हे पटत नाही. गणपतची आई तिला हाकलत नाही. आपण या घराच्या लायकीचे नाही, हे मैना स्वतःच ठरवून बसलेली असते. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं? तुम्ही-आम्हीच.

पुरावा हवाय? मध्यंतरी एका सोसायटीच्या मीटिंगला होतो. एक बाई भाड्याने फ्लॅट मागत होती. पूर्वी उल्हासनगरला बारमध्ये नाचायची, एवढाच तिचा गुन्हा. २००५ साली सरकारने डान्सबार बंद केले आणि २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. पण सोसायटीचं कोर्ट वेगळंच. "फॅमिली बिल्डिंग आहे" म्हणत सगळ्यांनी मान हलवली. सगळे शिकलेले, निम्मे तर आयटीवाले. मीही गप्प बसलो.

म्हणून म्हणतो, फ्रेंच धुक्यात प्रेम आणि उद्धार शोधत रडू नका. आधी आपल्या बिल्डिंगचं गेट उघडा. पुढच्या मीटिंगला मी तोंड उघडणार आहे. तुम्ही?