सारग्राही शैली आणि एका फ्रेंच फुलदाणीची कैफियत

१/ घाट ग्रीक, रंग चिनी, वेलबुट्टी अरबी आणि मुठींवरील मुखवटे प्रबोधनकालीन इटलीचे! एकोणिसाव्या शतकातील पॅरिसची अशी मीनाकामाची फुलदाणी पाहून ‘अभिरुचीहीन खिचडी’ असा शेरा मारणे सोपे आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो शेरा अपुरा आहे. 🧵

२/ या शैलीचे नाव ‘एक्लेक्टिक’, म्हणजे सारग्राही. प्रत्येक देशाच्या आणि काळाच्या कलेतून उत्तम ते वेचावे, हे तिचे सूत्र. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत (१८५२–१८७०) तिला बहर आला.

३/ फेर्दिनां बार्बेदिएन हा या काळातील नामवंत ब्राँझ-उत्पादक. शिल्पांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती घडवणारे यंत्र शोधणाऱ्या आशिल कोला याच्याशी त्याने १८३८ मध्ये भागीदारी केली. प्राचीन शिल्पे मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आली.

४/ १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन राजवाडा लुटला. ब्रिटिशांनी तो जाळला. लुटीतील वस्तूंनी सम्राज्ञी युजेनीचे फोंतेनब्लो येथील चिनी संग्रहालय १८६३ मध्ये सजले. चिनी मीनाकामाचे आकर्षण पॅरिसमध्ये वाढले.

५/ बार्बेदिएनने आपले मीनाकाम १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडले. ती निव्वळ नक्कल नव्हती. चिनी कारागीर धातूच्या बारीक पट्ट्या बसवून रंगांचे कप्पे करत; बार्बेदिएनकडे ते कप्पे बहुधा ब्राँझमध्येच ओतले जात.

६/ शिवाय चीननेही ही कला पश्चिमेकडूनच आत्मसात केली होती. चौदाव्या शतकातील एक चिनी ग्रंथ तिचा संबंध अरबांच्या भूमीशी जोडतो. उसनवारी हा कलेचा दोष नव्हे. तिच्यावरच कला वाढते.

७/ म्हणून आक्षेप मिश्रणावर नको, निवडीमागील सत्तेवर हवा. जगभरातून ‘उत्तम ते’ वेचण्याची मुभा कोणाला होती आणि ते कोणाच्या घरातून उचलले गेले? हा प्रश्न आजच्या नीतिकल्पनांतून उपजलेला नाही. व्हिक्टर ह्यूगोने १८६१ मध्येच फ्रान्स आणि इंग्लंड या दोघांना दरोडेखोर म्हटले होते.

८/ बार्बेदिएनचे कसब खरे, आणि ती लूटही खरी. संग्रहालयात अशा फुलदाणीशेजारच्या पाटीवर केवळ ‘चिनी प्रभाव’ एवढे दोन शब्द असतील, तर ती पाटी अर्धाच इतिहास सांगते. उरलेला अर्धा वाचकाने मागितला पाहिजे.