थराथरांची कॉफी

कॉफी कशासाठी असते? पिण्यासाठी, असे आपण म्हणाल. पण मंडळी, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवर बार्राकितो नावाची कॉफी मिळते; ती आधी डोळे भरून पाहायची आणि मग प्यायची!

काचेच्या लहानशा पेल्यात तळाशी बासुंदीसारखे दाट, डब्यातले गोड दूध. त्यावर ‘लिकोर ४३’. हे कार्ताहेना शहरचे, ४३ जिनसांचे, व्हॅनिलाच्या वासाचे पिवळे मद्य. मग कडक काळी एस्प्रेसो, वर फेसाळ गरम दूध, आणि शेवटी लिंबाची साल व चिमूटभर दालचिनी. यात जादू कसली नाही, साखर आहे. ज्यात साखर अधिक ते जड, म्हणून ते खाली राहते. मद्य एरवी हलके. पण हे इतके गोड की कॉफीलाही अंगावर घेते! हात मात्र सावकाश हवा. चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून बारीक धार सोडायची. घाई केलीत की थर मोडलेच.

आमची सौ. मद्याला शिवत नाही. एवढ्या लांब येऊन हिने कोरडेच बसायचे? मी चिंतेत पडलो. पण वेटरने हसत ‘लेचे इ लेचे’ पुढे केली. म्हणजे ‘दूध आणि दूध’. दोन्ही दुधे आहेत, कॉफी आहे, मद्य तेवढे नाही.

पिण्याआधी सगळे ढवळून घ्यायचे असते. मी चमचा उचलला.

“अहो, थांबा की जरा,” पेला उजेडाकडे धरीत ही म्हणाली, “माझे अजून बघून झाले नाही.”